मदत हवी आहे: राणीच्या थडग्यावरून राजाचा काळ कसा ठरवायचा?

माध्यान्ह: रविवारी वाचनगटात बोलायचंय आणि मी सनावळीपाशीच अडकलेय. एका पुस्तकात राजाची कारकीर्द इ.स.पू. १३२४ ते १२६६, दुसऱ्यात १२५० ते ११९२. कुठली धरू? लवकर सांगा प्लीज.

तळटीप: राजा कुठला? देश कुठला?

रानवाटा: चीन असेल तर सियानची मातीची फौज घ्या. १९७४ साली विहीर खणताना सापडली. मी पाहून आलोय, फोटो देतो.

तळटीप: ती छिन सम्राटाची, हजारएक वर्षं नंतरची.

माध्यान्ह: चीनचं प्राचीन शांग घराणं हो! राजा वू दिंग, राणी फू हाओ. त्यांच्या राजधानीचं ठिकाण आन्यांग, तिथलं थडगं.

पाटीपेन्सिल: म्हणजे १९७६ साली सापडलेलं, चोरांचा हात न लागलेलं. तिथल्या ब्राँझच्या भांड्यांवर तिचं नाव आहे. तेच नाव वू दिंगच्या काळच्या कौलाच्या हाडांवर, म्हणजे कौल लावताना विचारलेले प्रश्न कोरलेल्या हाडांवर, येतं: बाळंतपण नीट होईल का, तिला लढाईवर धाडावं का. त्यामुळे राणी कुणाची ते नक्की. पण भांड्यांवर सन नसतो.

जुनी पोथी: मग प्राचीन चिनी इतिहासकार सिमा छ्येनचा इतिहास धरा. त्याची शांग राजांची यादी हाडांवरच्या नावांशी जुळते, हे चिनी अभ्यासक वांग क्वोवेई यांनी १९१७ सालीच दाखवलं.

पाटीपेन्सिल: यादी मान्य. पण वर्षवार हिशेब पक्का आहे तो इ.स.पू. ८४१ पासून. त्याआधीचं मागे मोजत नेलेलं. १३२४ तसंच आलंय.

जुनी पोथी: आणि १२५० कुठल्या हाडावर लिहिलंय?

पाटीपेन्सिल: कुठल्याच नाही. १९९६ साली सुरू झालेल्या चीनच्या सरकारी कालगणना प्रकल्पानं हाडांवरच्या चंद्रग्रहणांच्या नोंदी आणि कार्बन-१४ (अवशेषांचं वय काढायची चाचणी) ताडून ते काढलं. नोंदीत साठ दिवसांच्या चक्रातला दिवस मिळतो, राजाचं वर्ष मिळत नाही, म्हणून वाद राहतोच. माध्यान्ह, तुम्ही थडगं इ.स.पू. १२०० च्या सुमाराचं म्हणा आणि दोन्ही सनावळ्या कुठून आल्या ते सांगा.

रानवाटा: सान्शिंगत्वेचे ब्राँझचे मुखवटेही दाखवा! १९८६ मध्ये दोन खड्डे सापडले.

तळटीप: ते सिच्वानमधले, तिथे वाचता येईल असा लेख नाही. यांना राणीवर बोलू द्या.

माध्यान्ह: फू हाओ राजाच्या आधी वारली हे कशावरून?

पाटीपेन्सिल: तिच्या नावानं बळी दिल्याच्या नोंदी वू दिंगच्याच काळच्या हाडांवर आहेत.