जत्रेतल्यासारखं कोरडं खाजं घरी का होत नाही? गुळाचा पाक दोनदा फसला

कुडाळची_सून

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझं माहेर चिपळूण, आमच्याकडे खाज्याचं एवढं कौतुक नाही, सासर कुडाळला आणि इथे मात्र खाजं (गुळाच्या पाकात घोळलेल्या बेसनाच्या कांड्या) म्हणजे जीव की प्राण. गणपतीला मुंबईहून सगळे चाकरमानी येणार, घरात बारा-पंधरा माणसं, तर म्हटलं या वेळी जाताना प्रत्येकाच्या पिशवीत घरच्या खाज्याचा एकेक पुडा घालू, म्हणून आत्तापासूनच प्रॅक्टिस चालू केली आणि दोनदा आपटले.

काय केलं ते सांगते. अर्धा किलो बेसन, मीठ, हळद, चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन, पीठ घट्ट मळलं, सोऱ्याला जाड शेवेची चकती लावून कांड्या पाडल्या आणि तळल्या. इथपर्यंत सगळं बरं, नुसत्या कांड्याच पोरांनी पाव वाटणी संपवल्या. मग अर्धा किलो गूळ, अर्धा कप पाणी, आल्याचा कीस घालून पाक केला, वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघितला, गोळी झाली, लगेच कांड्या घातल्या, दोन-चारदा हलवलं आणि ताटात ओतलं. दिसायला एकदम झक्कास, चकचकीत, फोटोपण काढला. तासाभराने बघते तर सगळ्याचा एकच डोंगर!! सुटं करायला गेले तर बोटं चिकट, दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाला गूळ पाझरलेला. दुसऱ्या खेपेला वाटलं पाक कच्चा राहिला असेल म्हणून जास्त आटवला, तर त्याची चिक्की झाली, सासऱ्यांची कवळी थोडक्यात वाचली.

जत्रेतलं खाजं कसं वरून पांढुरकं, खडबडीत, मुठीत धरलं तरी हाताला लागत नाही. तसं कसं होतं? गूळ चिक्कीचा आणला होता, दुकानदार म्हणाला पाकाला हाच बरा. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात आमच्या घरात खाजं कोणी केलंच नाही, जत्रेत आयतं मिळतं ते घरी करून कशाला हात भाजून घ्यायचे. बोला आता.


आंबोळी_घावन

चकचकीत हा शब्द वाचला आणि तिथेच कळलं गं :) खाजं चकचकीत दिसलं की समजायचं बिघडलं. चिक्कीला चकाकी हवी, खाज्याला नको. पहिली चूक तुझी नाही, दुकानदाराची. चिक्कीचा गूळ तार धरतो, चिवट राहतो, तो दाण्याला दाणा धरून ठेवायला असतो आणि आपल्याला नेमकं उलटं पाहिजे. साधा पिवळा, कडक, फोडल्यावर आत दाणेदार दिसणारा गूळ आण. ढेपेवर बोट दाबून बघ, बोट रुतलं किंवा ओलसर लागलं तर तो घेऊ नको. पावसाळ्यात वाण्याकडे पडून असलेल्या गुळाला पाणी सुटलेलं असतं, असल्या गुळाचं खाजं जन्मात सुकणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तू पाक घोटलाच नाहीस. गोळी झाली की गॅस बंद करायचा आणि कांड्या लगेच घालायच्या नाहीत. आधी पाक कालथ्याने भराभर घोटायचा, मिनिट-दीड मिनिट. एकाच दिशेने वगैरे काही नाही, फक्त थांबायचं नाही. सुरुवातीला तो काळसर, पारदर्शक असतो, मग एकदम मळकट दिसायला लागतो, रंग उतरतो आणि कालथा जड होतो. त्या क्षणाला कांड्या. मग दोन हातांनी दोन कालथे घेऊन खालून वर, खालून वर. आवाजावर लक्ष ठेव, आधी चपचप असा ओला आवाज येतो आणि मग अचानक खडखड सुरू होतं. खडखड आली तरच ताटात काढायचं. तू चपचपीलाच ओतलंस म्हणून डोंगर झाला.

एकटीने करू नको. एक जण हलवायला आणि एक जण कढई धरायला लागतोच. माझे मिस्टर कढई धरतात आणि पूर्ण वेळ बोलत राहतात, तेवढं सहन करायचं.


फळा_खडू_रत्नागिरी

वरच्या ताईंनी अनुभवावरून जे सांगितलंय तेच जरा कारणासकट सांगतो, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो त्यामुळे राहवत नाही, कंटाळा आला तर पुढे स्क्रोल करा.

गुळात मुख्यतः आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज असते, पण तिच्यासोबत थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजपण असतं. खाजं कोरडं होतं म्हणजे काय होतं, तर पाकातल्या सुक्रोजचे बारीक बारीक स्फटिक बनतात. पांढुरका रंग त्या स्फटिकांचाच. घोटल्यावर हे स्फटिक सगळीकडे एकदम आणि बारीक तयार होतात, म्हणून घोटणं हवं. ग्लुकोज-फ्रुक्टोज या कामात मोडता घालतात, स्फटिक होऊ देत नाहीत, वर हवेतलं पाणी ओढून घेतात. जुन्या, ओल आलेल्या गुळात त्यांचं प्रमाण वाढलेलं असतं. आंबट पदार्थ घालून पाक उकळला तरी वाढतं, त्यामुळे कोणी लिंबू पिळायला सांगितलं तर ऐकू नका, साखरेच्या पाकात लिंबू घालतात ते मुळात स्फटिक होऊ नयेत म्हणूनच.

आता खरी गंमत. जत्रा कधी असतात आठवून बघा. आपल्याकडे कार्तिकापासून दहीकाले म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, कुणकेश्वरची महाशिवरात्रीला, मग शिमगा. म्हणजे सगळा थंडीचा आणि कोरड्या हवेचा मोसम. खाजं हा त्याच हवेचा पदार्थ आहे. तुम्ही तो करताय श्रावणात, जेव्हा आमच्याकडे मिठाच्या बरणीत पाणी होतं आणि काडेपेटी पेटत नाही. त्यामुळे जत्रेतल्या दुकानदाराला जो पाक चालतो तो आत्ता चालणार नाही, थोडा पुढे न्यावा लागेल. साखरेचा थर्मामीटर असेल तर 118 ते 120 डिग्री सेल्सिअस, नसेल तर पाण्यात टाकलेली गोळी बाहेर काढल्यावर आपोआप चपटी होऊ नये, बोटांनी दाबली तरच दबावी, पण दाताखाली फुटूही नये. फुटली की तुमची दुसऱ्या वेळची चिक्की.

आणि एक युक्ती, 400 ग्रॅम गुळाला 100 ग्रॅम साखर घाला. सुक्रोजचं प्रमाण वाढतं, स्फटिक चटकन बसतात. शुद्धतावादी रागावतील.


खाडीपलीकडचो

रागावतलंच! साखर घातलेला खाजां म्हणजे शेंगदाण्याचो साखरफुटाणो. सर तुमचां शास्त्र बरोबर आसा पण तोंडाक चव लागाक व्हयी ना.

बाकी मराठीत लिहितो नाहीतर ॲडमिन ओरडतील. मी देवगड तालुक्यातला, वय 67. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत खाज्याच्या दुकानामागे रात्रभर बसून असायचो, दशावतार बघायला आलेला पोरगा पण नाटकात राक्षस येईपर्यंत वेळ कसा काढायचा, तर तिथे चूल पेटलेली असायची, ऊब मिळायची आणि तुटकी कांडीपण मिळायची. तेव्हा जे बघितलं ते सांगतो. एका घाणीला तो माणूस पाक थोडासाच करायचा. मोठी कढई पण आत पाक तळाला जेमतेम. तुम्ही अर्धा किलोचा पाक एकदम केलात तिथे चुकलात ताई. सगळ्या कांड्यांना पाक लागेपर्यंत अर्धा पाक कढईच्या कडेला बसतो आणि उरलेला ओला राहतो. पाव-पाव किलोचे दोन घाणे करा. सवय नसलेल्या हाताला तेवढंच आवरतं.

दुसरं आलं. आलं किसून घालताय, किसाचं पाणी पाकात उतरतं आणि ते उडवायला पाक जास्त उकळावा लागतो. आलं कुटून गूळ विरघळतानाच घालायचं, शेवटी नाही. आणि कंजूषपणा करू नका, पाव किलो गुळाला बोटाएवढा तुकडा तरी हवा, खाजं खाल्ल्यावर घशाशी झणका आला पाहिजे. रात्रभर थंडीत बसून खायचा पदार्थ तो, उगाच नाही त्यात आलं.

गूळ विरघळला की गाळून घ्या, हे कोणीच सांगितलं नाही. नाहीतर कचकच.


कुडाळची_सून

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांना धन्यवाद. काका, तुमचा दशावतार वाचून सासरे खूश झाले, म्हणाले माझंपण तेच, फक्त आम्ही तुटकी कांडी मागायचो नाही, उचलायचो.

एक राहिलं. दुसऱ्या दिवशी काही कांड्या आतून मऊ लागल्या, पाक न लागलेल्यासुद्धा. सोडा घालू का चिमूटभर? आणि सर, साखर घालायची की नाही ते तुम्ही दोघं आधी ठरवा बरं.


आंबोळी_घावन

सोडा नको गं, तेल पितात आणि पाक लागला की भुसभुशीत होतात. तुझा गॅस मोठा असणार. बेसन वरून पटकन लाल होतं आणि आपल्याला वाटतं झालं, आत कच्चंच. तेल तापवून कांड्या सोडल्या की आच मध्यम, मग जरा बारीक, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळायच्या. एक मोडून बघायची, कट्ट आवाज यायला हवा. अर्धा किलो बेसनाला दोन चमचे तांदळाचं पीठ घातलंस तर अजून बरं. आणि पूर्ण गार होऊ दे, मी तर आदल्या रात्री तळून डब्यात भरते, दुसऱ्या दिवशी पाक. गरम कांडीतून वाफ निघते ती जाणार कुठे, पाकातच.

साखरेचं म्हणशील तर मी पहिल्यांदा दोन मोठे चमचे घालून बघेन. हात बसला की बंद. काकांना सांगू नको.


डोंबिवलीकर_मालवणी

मी फक्त जळायला आलोय. आंगणेवाडीच्या जत्रेला गेलो की दोन किलो आणतो, त्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे ऑफिसात रजा टाकताना साहेबाला समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात. खाजं डोंबिवलीला पोचेपर्यंत अर्ध गाडीतच संपतं. इकडे दुकानात मिळतं पण त्यात आलं नुसतं नावाला.

कामाचं एकच सांगतो, पुडे बांधणार असाल तर कागदी पिशवीत देऊ नका, चाकरमानी एसटीत खिडकी उघडी ठेवून बसतो आणि भाद्रपदातली हवा आत येते. पूर्ण गार झालं की प्लास्टिकची पिशवी, हवा काढून गच्च गाठ, मग वरून हवा तो कागद. कोमट असताना भरलंत तर आतून घाम येतो आणि सगळी मेहनत पाण्यात.


खाडीपलीकडचो

घावन ताई, माका सगळां दिसता हा.


कुडाळची_सून

आज तिसरा प्रयत्न, लगेच रिपोर्ट देतेय. पाव किलोचे दोन घाणे केले. साधा गूळ मिळाला, ढेपेवर बोट दाबताना दुकानदार माझ्याकडे असा बघत होता. कांड्या काल रात्री तळून ठेवल्या, कट्ट आवाज आला. पहिल्या घाण्यात साखर घातली, दुसऱ्यात नाही, म्हटलं भांडण आपल्या ओट्यावरच मिटवू.

साखरवाला घाणा पहिल्याच झटक्यात सुटला. घोटता घोटता रंग उतरला ना तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच, कारण आत्तापर्यंत मला वाटायचं की वरून पिठीसाखर भुरभुरतात म्हणून पांढरं दिसतं. नवऱ्याने कढई धरली होती (हो, बोलत होता), आणि ती खडखड खरंच अचानक येते, एका क्षणी चिखल आणि दुसऱ्या क्षणी सगळं सुटं. सकाळी केलं, आता रात्रीचे दहा वाजलेत, बाहेर धो धो पाऊस, तरी हाताला लागत नाहीये.

बिनसाखरेचा घाणा जरा रडला. घोटायला दुप्पट वेळ लागला, दंड भरून आला, शेवटी पाऊण भाग सुटा झाला आणि पाव भागाच्या तीन-तीन, चार-चार कांड्यांच्या मोळ्या झाल्या. पण काका, चव तुमचीच जिंकली. घरात सात जणांना न सांगता दोन्ही दिलं, पाच जणांनी दुसरं उचललं, म्हणाले ह्याला जत्रेचा वास आहे. सर, दोन मतं तुम्हाला पडली, त्यातलं एक माझ्या आठ वर्षांच्या लेकाचं.

सासूबाई, ज्या म्हणाल्या होत्या घरी कशाला करायचं, त्या मगाशी ओट्याशी उभं राहून चमच्याने कढईची खरवड काढून खात होत्या. मी आत गेले तर म्हणाल्या, आलं अजून थोडं चाललं असतं.

पुड्यांसाठी बिनसाखरेचंच करणार. मोळ्या झाल्या तर झाल्या, एसटीत वेळ भरपूर असतो, सोडवत बसतील.


डोंबिवलीकर_मालवणी

पत्ता कुठे पाठवू?