'फँटसी'ला मराठीत काय म्हणायचं?

परवा ग्रंथालयात एक सातशे पानी ठोकळा 'बालसाहित्या'च्या कपाटात सापडला. आत कत्तली, गादीसाठी विषप्रयोग, सगळं काही. पण मुखपृष्ठावर आग ओकणारा पंखवाला प्राणी, म्हणून पुस्तक पोरांचंच असणार असं ग्रंथपालांनी ठरवून टाकलेलं. म्हटलं, हे इथं नको. तर म्हणाले, "मग कुठं ठेवू? कपाटावर काय लिहू?" मला चटकन सांगता येईना. 'विज्ञानकथा' म्हणावं तर त्यात विज्ञानाचा पत्ता नाही. फँटसीला रुळलेला मराठी शब्द आहे का?

प्रतिसाद :
अद्भुतिका. चांगला शब्द आहे, वापरा की.

प्रतिसाद :
कानाला गोड आहे खरा, पण 'इका' लागलं की मराठीत बहुधा वस्तू लहान होते. नाटक-नाटिका, पुस्तक-पुस्तिका. सातशे पानांच्या ठोकळ्याला अद्भुतिका म्हणायचं म्हणजे पैलवानाला 'बाळ' म्हणून हाक मारण्यासारखं. 'अद्भुतकथा' म्हणावं, तर 'कथा' म्हटल्यावर आपल्याला दहा-पंधरा पानं दिसतात. विज्ञानकथेचीही हीच रड आहे. लांबली की 'विज्ञान कादंबरी', पडद्यावर गेली की 'विज्ञानपट'. सगळ्यांना पुरेल असं एक नाव नाहीच. 'अद्भुत' मात्र सोडू नका. नवरसांतल्या अद्भुताचा स्थायीभाव विस्मय, आणि असली पुस्तकं आपण त्यासाठीच तर उघडतो.

प्रतिसाद :
फँटसीला आपल्याकडे शब्द आहे आणि तो रोज वापरला जातो : भाकडकथा! भाकड म्हणजे दूध आटलेली गाय किंवा म्हैस. म्हणजे गोष्ट चांगली की वाईट हे दुधावरून ठरवायचं. वाचून हाताला काय लागलं? माहिती? संस्कार? नाही ना, मग भाकड. विज्ञानकथा या हिशेबातून सुटली, कारण तिच्या नावातच विज्ञान आहे. 1974 साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. पुढं या प्रकाराला वजन आलं. पण त्याबरोबर 'यातून काय शिकायला मिळालं?' हा प्रश्नही तिच्या मागं लागला, तो अजून सुटलेला नाही. गोष्ट रंगली का, हे विचारायचं राहूनच जातं.

प्रतिसाद :
थोडं अवांतर. रोबॉटला आपण 'यंत्रमानव' केलं आणि मूळ शब्दातली गोम घालवली. कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 च्या नाटकातून तो शब्द आला. 'रोबोटा' म्हणजे वेठ. नाटकातले रोबॉट लोखंडाचेही नाहीत. कारखान्यात बनवलेले, पण माणसासारखेच दिसणारे कामकरी. 'वेठ्या' केलं असतं तर नावातच गोष्ट आली असती.

प्रतिसाद :
फँटसीला नाकं मुरडणाऱ्यांसाठी एक गंमत. आपण नॉव्हेलला 'कादंबरी' म्हणतो ते सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथावरून. त्यात गोष्ट सांगतो कोण, तर पोपट. नायक म्हणजे मनुष्यजन्म घेतलेला चंद्र. प्रेमिक मरतात, पुन्हा जन्मतात, एकमेकांना ओळखतात. म्हणजे कुणी कितीही रोखठोक वास्तववादी लिहो, पुस्तकावर नाव त्या फँटसीचंच छापतो. मग फँटसीसाठी निराळा शब्द कशाला शोधायचा? वास्तववाद्यांनी आपल्यासाठी दुसरा शोधावा.

मूळ प्रश्नकर्ता :
हे ग्रंथपालांना ऐकवलं. हसले, पण सगळी कपाटं नव्यानं रंगवायला तयार नाहीत. तूर्त एका फळीवर खडूनं 'अद्भुत' एवढंच लिहून ठोकळा तिकडं हलवलाय. त्याखाली 'मोठ्यांसाठी' असं लिहावं की नको, यावर आमचं अजून चाललंय.