नैराश्यात थेरपीचा नेमका उपयोग काय होतो?

सांजवारा:
माझ्या ताईला सात महिन्यांपासून नैराश्याचा त्रास आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी औषधांच्या जोडीला थेरपी सुचवली आहे; पण ताई म्हणते, "माझे दुःख मला ठाऊक आहे, ते परक्या माणसाला सांगून काय बदलणार?" तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही. थेरपीत प्रत्यक्ष काय करतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अबोली:
तुमच्या ताईंचा प्रश्न मीही विचारला होता. पहिल्या दोन भेटींत मी बहुतेक वेळ रडतच होते. तिसऱ्या भेटीत मॅडमनी मला दिवसभरात काय केले आणि त्या वेळी मन कसे होते, याची तासातासाची नोंद ठेवायला सांगितली. आठवड्याने ती वही वाचताना लक्षात आले की सगळा दिवस सारखाच काळा असतो ही माझी समजूत खरी नव्हती, कारण सकाळी कुंड्यांना पाणी घालताना आणि शेजारच्या मुलीचा अभ्यास घेताना मन थोडे हलके झाल्याचे मीच लिहिले होते. "मी कुणाच्याच उपयोगाची नाही" या विचाराची शहानिशा करायला मी तिथेच शिकले. मला सल्ला असा कुणी दिलाच नाही. एक मात्र सांगते, माझे आधीच्या समुपदेशकांशी जमले नव्हते. ताईंचेही तसे झाले, तर थेरपी सोडण्याऐवजी समुपदेशक बदलावा.

माजघर:
मी समुपदेशक म्हणून काम करते. नैराश्यात माणूस हळूहळू माणसे, कामे आणि छंद टाळू लागतो. टाळल्याने आनंदाचे प्रसंग कमी होतात आणि त्यामुळे मन आणखी खचते. "उत्साह आला की करीन" असे रुग्णाला वाटते, आणि उत्साह तर येतच नाही. म्हणून आम्ही आधी छोटी कृती ठरवून देतो, मनःस्थिती तिच्या मागून सावरते. याच तत्त्वावर गोव्यातील 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींचा उपचार करून पाहिला आणि तो देणारे लोक डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक होते. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या उपचाराची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, तर ती न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे प्रत्येकालाच गुण येतो असे नाही, पण हा फरक लहानही नाही. औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. ताईंच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही चोवीस तास सुरू असतो.

सांजवारा:
दोघींचेही मनापासून आभार. ताईला अबोलीताईंच्या वहीची हकिकत वाचून दाखवली, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग एका भेटीपुरती तयार झाली. पहिल्या भेटीत मी तिच्यासोबत आत बसावे का?

माजघर:
ते ताईंनाच विचारा. त्यांची इच्छा असेल तर सुरुवातीची काही मिनिटे बसा, पुढचा वेळ मात्र त्यांचा एकटीचा असू द्या.