मदत हवी आहे: मीटबॉल सूपमधले गोळे फुटतात आणि सूप गढूळ होतं

मंडळी, जरा मदत करा प्लीज. या महिन्यात तीनदा एशियन पद्धतीचं मीटबॉल सूप केलं आणि तिन्ही वेळा बिनसलं. मला हवंय ते असं की सूप एकदम नितळ, आल्याचा आणि कांद्याच्या पातीचा वास, आणि गोळा चावला की दाताखाली उसळला पाहिजे, इंडोनेशियातल्या बाक्सो नावाच्या मीटबॉलसारखा. माझे गोळे एकतर फुटतात नाहीतर आतून रवाळ लागतात.

मी काय करते ते सांगते. अर्धा किलो चिकनचा खिमा, त्यात आलं-लसूण, बारीक चिरलेली पात, सोया सॉस, थोडं तिळाचं तेल, पांढरी मिरी, मीठ, एक अंडं आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर, सगळं एकदमच घालून हाताने कालवते आणि गोळे करून खदखदत्या सूपमध्ये सोडते. दोन मिनिटांत वर राखाडी फेस येतो, गोळ्यांच्या कडा सुटायला लागतात आणि पातीचे तुकडे वेगळेच तरंगत बसतात. दुसऱ्या वेळी ब्रेडचा चुरा घातला तर फुटले नाहीत पण भिजलेल्या पावासारखे मऊ झाले. तिसऱ्यांदा आधी तळून घेतले, त्याने सूपवर तेलाचा तवंग आला, चव बरी होती पण मला हवी ती नव्हे. अंडं जास्त होतंय का? आणि नूडल्स त्याच भांड्यात शिजवल्या तर चालतं का?

प्रतिसाद:
ताई, जिन्नस ठीक आहेत, क्रम चुकतोय. खिम्यात आधी फक्त मीठ घाला, अर्धा किलोला साधारण 7 ग्रॅम. मिठाने मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटं होऊन बाहेर येतं आणि तेच गोळा बांधून ठेवतं, अंड्याची गरजच नाही. नुसतं कालवून होत नाही, एकाच दिशेने चांगलं पाचेक मिनिटं फेटा आणि मधे मधे चमचा चमचा बर्फाचं पाणी घाला, एकूण चार चमचे. खिमा फ्रीजमधून काढल्या काढल्या घ्यायचा, हाताच्या उबेनेसुद्धा त्यातलं फॅट सुटायला लागतं आणि मग गोळा रवाळ होतो. भांड्याच्या कडेला चिकट तार धरायला लागला, चमचा उलटा केला तरी खाली पडत नाही, की झालं. मग स्टार्च, म्हणजे तुमचं कॉर्नफ्लोअर (टॅपिओकाचा, म्हणजे साबुदाणा ज्यापासून करतात तो स्टार्च मिळाला तर उसळी जास्त छान येते), सोया सॉस, मिरी, आणि पात आणि तेल अगदी शेवटी.

मूठ भरून घ्या, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर दाबून काढा आणि ओल्या चमच्याने उचलून पाण्यात सोडा. पाणी उकळतं नको! तळाशी बारीक बुडबुडे दिसतील इतकंच, 80 ते 85 अंश. आधी एकच गोळा शिजवून मीठ बघा, बाकीचे नंतर. वर तरंगले की आणखी तीन मिनिटं द्या, थर्मामीटर असेल तर आत 74 अंश यायला हवेत. सूप मात्र वेगळ्या भांड्यात ठेवा. खदखदलं की फेस आणि चरबी त्यात मिसळून जाते, मग गाळूनही नीट नितळ होत नाही. नूडल्सही वेगळ्या, त्यांचा स्टार्च सूप घट्ट करतो. फिश सॉस घालणार असाल तर गॅस बंद करताना, आणि तो खारट असतो म्हणून सूपमधलं मीठ आधीच कमी ठेवा.

मूळ प्रश्न विचारणारी:
काल केलं आणि एकही गोळा फुटला नाही!! फेटताना तिसऱ्या मिनिटापर्यंत काहीच फरक वाटेना, मग अचानक खिमा बोटांना ओढायला लागला, तेव्हा कळलं तुम्ही काय म्हणताय ते. सूपच्या तळाशी ठेवलेल्या आल्याच्या चकत्या वरून दिसत होत्या, इतकं नितळ. खूप खूप आभार. आता वीसेक गोळे जास्त करून ठेवायचे आहेत, कच्चेच फ्रीझ करू की शिजवून?

प्रतिसाद:
शिजवून. पूर्ण गार होऊ द्या, ताटात सुटे सुटे ठेवून गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. लागतील तेवढे काढून थेट गरम सूपमध्ये टाका, पण तेव्हाही आच मंदच ठेवा.