मदत हवी आहे : लिथियम आणि बदललेले निदान

नमस्कार. नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावावर आधी नैराश्याचे उपचार चालू होते; मात्र त्या गोळ्यांनंतर त्याची झोप एकाएकी उडाली, बोलणे आणि खर्च दोन्ही आवरेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी बायपोलरचे (कधी नैराश्य, तर कधी असा अतिउत्साह म्हणजेच उन्माद येणाऱ्या मनोविकाराचे) निदान करून लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध सुरू केले. रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्तातील लिथियमची पातळी तपासतो; थायरॉइड व मूत्रपिंडाच्या तपासण्याही होतात. आता तो सावरल्यामुळे नातेवाईक (सल्ल्याला फी लागत नाही!) गोळ्या थांबवा म्हणतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही तसे करणार नाही.

केवळ औषधामुळे उफाळलेल्या उन्मादावरून बायपोलरचे निदान पक्के मानतात का? दुसरे मत घेताना कोणते कागद सोबत न्यावेत? आणि उन्हाळ्यात घाम जाऊन लिथियमची पातळी वाढू नये म्हणून आपण पाणी व मीठ कसे सांभाळता, हे अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.