होलसेल दुकानात सगळ्यांना 'एकच भाव'. वायरमनने पॉइंटचा दर कसा वाढवायचा?

तारवाला_विश्रामबाग

राम राम मंडळी. २००७ पासून वायरिंगची कामं करतो. परवाना आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. सांगली, माधवनगर, बुधगाव, क्वचित तासगाव. प्रश्न पैशाचा आहे, पण आधी जरा पाल्हाळ लावतो, नाहीतर उत्तरं भलतीकडे जातील.

चौदा वर्षं माल एकाच दुकानातून उचलला. पेठेतलं होलसेल दुकान, नाव घेत नाही. थोरले शेठ गल्ल्यावर असायचे. मी यादी पुढे सरकवली की वायरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडायचे, त्यावर '४०+५' लिहायचे आणि पुठ्ठा पालथा घालून माझ्याकडे सारायचे. शेजारच्या गिऱ्हाइकाला आकडा दिसता कामा नये. आमचे आजोबा खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंडाचा सौदा टॉवेलाखाली बोटं धरून करायचे, तसलाच प्रकार.

नवीन पोरांसाठी सांगतो, चाळीस अधिक पाच म्हणजे पंचेचाळीस नव्हे. लिस्टने, म्हणजे कंपनीच्या छापील भावाने, शंभरचा माल आधी साठला, मग त्या साठावर पाच टक्के, म्हणजे सत्तावन्नला. सूट त्रेचाळीसच. मीही पहिली दोन वर्षं पंचेचाळीस धरूनच कोटेशन देत होतो आणि गणित का जुळत नाही म्हणून डोकं खाजवत होतो.

आता खरं ते लिहितो. लिस्टने एक लाखाचा माल धरा. मला ५७ हजार. घरमालकाला ३७ टक्के सूट लावून ६३ हजारांचं बिल, वर जीएसटी. मधले सहा हजार शेठ माझ्या नावावर वहीत मांडायचे. हे सगळीकडे चालतं, उगाच कुणी सोवळं नेसून येऊ नका.

गेल्या दिवाळीनंतर धाकट्या शेठनी दुकानाचा कायापालट केला. काच, एसी, प्रत्येक रॅकला भावाची चिठ्ठी, काउंटरवर स्क्रीन. वायरमन असो, मालक असो, नाहीतर एक होल्डर घ्यायला आलेलं शाळेतलं पोरगं असो, लिस्टवर सरसकट ४० टक्के. मी गेलो तर संगणकावरचा नवीन पोरगा म्हणाला, "काका, मोबाईल नंबर सांगा." सांगितला. "तुमचं नाव दिसत नाही, नवीन कस्टमर म्हणून घेऊ का?"

वाईट कशाचं वाटलं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४५. पेठेत पाणी चढत होतं तेव्हा मी आणि माझ्या पोरांनी याच दुकानातली खोकी माळ्यावर चढवली. रात्री दोनपर्यंत. शेवटी पाणी मांडीला लागलं, तेव्हा खालच्या रॅकमधले पंखे तसेच सोडून बाहेर पडलो. पूर ओसरल्यावर निम्म्या गावाचे बोर्ड आणि डीबी (फ्यूज-स्विचची मुख्य पेटी) बदलायचे होते, लोकांच्या हातात पैसा नव्हता. थोरल्या शेठनी मला तीन महिने एक शब्द न काढता उधार माल दिला. ते आता घरीच असतात. त्यांच्या दुकानात मी नवीन कस्टमर.

असो. दिवा, पंखा, प्लग, प्रत्येकाची जोडणी म्हणजे एक पॉइंट. साठ पॉइंटचं टू बीएचके असेल तर मधले सहा हजार म्हणजे पॉइंटमागे शंभर रुपये गेले. माझी मजुरी पॉइंटला २३० आहे. तीनशे तीस सांगायचे तर तोंड उघडत नाही. कुणी सांगितलेत का? काय बोललात?

काउंटरमागून_सातारा

दादा, मी पलीकडच्या बाजूचा. साताऱ्यात आमचं दुकान, वडिलांनी टाकलेलं, दीड वर्षापासून मीही एकच भाव लावलाय. शिव्या खाल्ल्यात, त्यामुळे तुमच्या शेठची बाजू कळते.

वडिलांच्या डोक्यात दोनशे वायरमन होते. कोण रोख, कोण महिन्याने, कोण मुलीच्या लग्नात पैसे अडकवून बसणारा. त्यावर भाव ठरायचा. उधारीचं व्याज त्या वेगवेगळ्या भावातच मुरलेलं असायचं. म्हणजे वेळेवर देणारा माणूस न देणाऱ्याचं व्याज भरत होता, हे त्याला कुणी सांगत नव्हतं. वडील आजारी पडले, त्या दिवसापासून माझ्याकडे नुसती वही आणि त्यांच्या सांकेतिक खुणा. कोणाला टिंब, कोणाला दोन रेघा. मला त्यातलं ओ की ठो कळेना.

दुसरं, जीएसटी आल्यापासून कच्ची चिठ्ठी संपली. १ जुलै २०१७ ला वायर २८ टक्क्यांत गेली, नोव्हेंबरात १८ वर आली, त्या चार महिन्यांत बिलाचा प्रत्येक कागद सीएने तपासला. मालकाच्या नावाने ६३ चं बिल आणि वायरमनला सहा हजार हातात, ते खर्चाच्या कुठल्या खात्यात टाकू?

आणि तुमच्याच आकड्याने बघा. पूर्वी ६३ मधले सहा तुम्हाला, दुकानाला राहिले ५७. आता सगळ्यांना ६०. तीन हजार मालकाचे वाचले, तीन आमच्याकडे आले. आमचे तीन कुठे जातात विचाराल तर एसी आणि स्क्रीनच्या हप्त्यात.

एक गैरसमज मात्र काढा. एकच भाव म्हणजे सगळ्यांना सारखा, रोज सारखा नव्हे. दीडच्या (दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरच्या) ९० मीटर बंडलात बाराशे ग्रॅमच्या आसपास तांबं असतं, अडीचच्यात दोन किलो. तांबं किलोला पन्नासने चढलं की दीडचं बंडल जीएसटीसकट सत्तर रुपयांनी वर. पूर्वी वडील जुन्या मालाला जुना भाव लावायचे, ओळखीच्याला. आता स्क्रीन बदलली की बदलली. मोठ्या कामाचं कोटेशन देताना 'वायर त्या दिवशीच्या भावाने' असं लिहूनच द्या, नाहीतर बुडाल.

मिरजेचा_मास्तर

वाचून अंगावर काटा आला. गेल्या वर्षी घर बांधलं. वायरमनबरोबर दुकानात गेलो तेव्हा मला बाकावर बसवून चहा पाजला होता. तो चहा सहा हजारांना पडला तर.

बंडलाच्या खोक्यावर एमआरपी छापलेली, त्याच्या निम्म्याच्या जवळपास बिल आलं, म्हणून मी खूश होऊन घरी गेलो. एमआरपीच्या वर घेतलं तर गुन्हा, खाली कितीही घ्या, हे माहीत होतं. पण ती इतकी फुगवलेली असते हे नंतर मोबाईलवर भाव बघितल्यावर समजलं. शिवाय बंडलातला क्यूआर स्कॅन करून कंपनीचे बक्षिसाचे पॉइंट जमवायचे, तेही वायरमननेच. माल माझा, पॉइंट त्याचे!

तुम्ही सरळ ३३० म्हणाला असता तर मी घासाघीस केली असती, खोटं कशाला बोलू. पण दिले असते. आता पुढच्या वेळी कुणी २३० म्हणाला तर मलाच शंका येणार.

कुपवाड_पॅनेलवाला

मास्तर, रागावू नका, पण सहा हजार फुकट नसतात. यादी कोण करतो? कुठल्या खोलीत किती अँपिअरची एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच), एसीला चारची वायर की अडीचची, हे कोण ठरवतो? आरसीसीबी (करंट गळाला की पडणारा स्विच) सारखी पडायला लागली की रविवारी कोण येतं? तुमच्याकडे त्याचं बिल कधी आलंय का?

तारवाले, तुमच्या मुद्द्यावर. हा एकच भाव तुमच्या-माझ्यासाठी. मी एमआयडीसीत पॅनेल करतो. मोठ्या कारखान्याचं काम असलं की कंपनीचा माणूस स्वतः येऊन 'प्रोजेक्ट रेट' मंजूर करून देतो, तो स्क्रीनवर कधीच दिसत नाही. दहा बंडलं घेणाऱ्याला भावाची चिठ्ठी, पाचशे घेणाऱ्याला खुर्ची आणि कॉफी. टॉवेल गेलेला नाही, फक्त वरच्या मजल्यावर नेलाय.

कायद्याचं विचाराल तर दुकानदाराने स्वतःहून एक भाव ठेवला तर कोणाला काही म्हणता येत नाही. कंपनीने दुकानदाराला बजावलं की याच्याखाली विकायचं नाही, तर भानगड होऊ शकते. डीलरांना सूट द्यायला मनाई केली म्हणून स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुतीला २०० कोटींचा दंड ठोकला होता. आपल्या धंद्यात तसं चाललंय असा माझा दावा नाही.

आणि तिसरं, मालासकट ठेका घेऊन भरपाई करावी असा विचार डोक्यात असेल तर सीएला विचारा. घराचं मालासकट वायरिंग म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. नुसत्या मजुरीवर होता तोवर तिथे पोचत नव्हता, माल धरलात की पंचवीसेक घरांत पोचाल.

भाचा_लेस्टरला

भाचा इंग्लंडमध्ये हेच काम करतो. तिकडेही होलसेलवाल्याकडे खातं उघडलं की ज्याचा त्याचा भाव वेगळा, फोनवर भांडायचं. मग स्क्रूफिक्ससारखी दुकानं वाढली. भाव छापलेला, मोबाईलवर बुक करायचं, काउंटरवरून उचलायचं, कारागीर असो की घरचा माणूस. भाचा म्हणतो, वायर आणि मोठं सामान अजून जुन्या होलसेलवाल्याकडूनच, फुटकळ सामान तिकडून. आणि दिवसाची मजुरी तो पहिल्याच फोनला सांगून टाकतो. लाजत नाही. आपल्याकडे लाजच फार.

तारवाला_विश्रामबाग

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुम्हाला खास. तुमचा वायरमन मी नव्हे, पण मी तसाच बाकावर बसवतो, आणि चहा शेठच्या खात्यावर असतो. तुमचं वाचून दोन दिवस गप्प होतो.

साताऱ्याचे शेठ, उधारीच्या व्याजाचं पटलं. मी सहसा रोख द्यायचो. म्हणजे मीच कुणाच्या तरी लग्नाचे हप्ते भरले की काय! पण एक तुम्ही लिहिलं नाहीत. उरलेला माल. पूर्वी काम संपलं की न फोडलेलं बंडल, चार एमसीबी, दोन पंख्याचे बॉक्स असं पोत्यात घालून नेलं तर शेठ सहा महिन्यांनीही परत घ्यायचे. आता बिलासकट सात दिवसांत. घराला रंग व्हायला महिना जातो, मग प्लेटा बसतात, त्यानंतर कळतं काय उरलं. माझ्या माळ्यावर आत्ता अडीचची तीन बंडलं आणि ३२ अँपिअरच्या पाच एमसीबी पडून आहेत. तेही मजुरीतच धरावं लागेल, म्हणून ३३० चे ३४० केले.

काल बुधगावात नवीन घराचं काम बघायला गेलो. भिंतीत झिऱ्या (वायरच्या पाइपासाठी खाचा) मारायच्या आधीच बोलून टाकायचं ठरवलं होतं. मालक बँकेतले, बाई शिक्षिका. म्हणालो, माल तुम्ही आणा, भाव स्क्रीनवर दिसतो, यादी मी करून देतो, उरलं तर सात दिवसांत परत करायची जबाबदारी तुमची. बंडलातले क्यूआर पण तुम्हीच स्कॅन करा, कंपनी घरमालकाला पॉइंट देते का बघा. माझे पॉइंटला ३४०, त्यात वर्षभर फुकट दुरुस्ती.

साहेब म्हणाले, शेजारी २३० ला झालं की. म्हटलं, शेजाऱ्यांचं मीच केलंय. यावर ते काही बोलले नाहीत. बाईंनी विचारलं, "मग त्यांना महाग पडलं का स्वस्त?" मी हिशेब करायला लागलो, मालाच्या आकड्यापाशी अडखळलो, कारण शेजारी तिथेच गच्चीवर उभे होते.

विचार करून कळवतो म्हणालेत. अजून फोन नाही. आला की इथे लिहितो.