भोगवटा प्रमाणपत्राआधी ५६ झाडं बसवायची कुठे? कुंपणभिंत आणि आडोसा यांचंही विचारतोय

आराखडा_४२

महापालिका हद्द, युडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) लागू. प्लॉट ४,७०० चौ.मी., रस्तारुंदीत २६० जातात, उरले ४,४४० (साधारण ६० × ७४ मी.). पार्किंग + ७ मजले, उंची २३.५ मी. दोन्ही बाजूंना ७.५ मी. सामासिक अंतर (मार्जिन, म्हणजे इमारत आणि हद्द यांमधली मोकळी जागा), मागे ६ मी. अग्निशमनच्या मंजूर नकाशात इमारतीभोवती ६ मी. रुंद मार्ग आहे. परवानगीच्या अटीत 'दर ८० चौ.मी.ला एक झाड' असं छापलंय. जागेवर ९ झाडं, त्यातली दोन तोडायचीत: रेनट्री (वय १८ धरलंय) आणि गुलमोहर (१२).

लँडस्केपवाल्याने ५६ झाडांचा नकाशा दिलाय, पण त्यातली २२ मागच्या मार्जिनमध्ये आणि बाजूच्या रस्त्याकडेला आहेत. तीन शंका:
१) हा नकाशा तपासणीत टिकेल का?
२) शेजारी गोदाम आहे, त्या बाजूला ८ फूट भरीव भिंत चालेल का?
३) ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर झाकायला काय लावावं?

खडीमुरूम

नाही टिकणार. लँडस्केपचा नकाशा अग्निशमनच्या नकाशावर ठेवून बघा, २२ झाडं गाडीच्या वाटेत उभी दिसतील. तो ६ मीटरचा मार्ग कडक, मोकळा आणि बंबाचं वजन पेलणारा हवा. तिथे झाड नको, कुंडी नको, उंच कर्बही नको. मागे जेमतेम ६ मीटरच आहेत, म्हणजे मागची बाजू झाडांच्या हिशोबातून पूर्ण गेली.

आता जागा मोजा. बाजूंना ७.५ मधून ६ गेले, उरली दीड मीटरची पट्टी. लांबी ७४ मधून मागचे ६ वजा, म्हणजे ६८. चार मीटरला एक धरलं तर १७, दोन्हीकडे मिळून ३४. राखलेली ७ धरा, ती याच आकड्यात मोजतात. झाली ४१. उरलेली १५ खुल्या जागेत. निव्वळ क्षेत्र ०.४ हेक्टरच्या वर असल्याने १० टक्के, म्हणजे ४४४ चौ.मी. तुम्हाला सोडावेच लागणार. ती १५ झाडं कडेने लावा, मधला भाग मुलांना खेळायला मोकळा राहील.

दीड मीटरच्या पट्टीत बहावा, ताम्हण, बकुळ, कांचन एवढंच. वड, पिंपळ, उंबर, फायकस, रेनट्री तिथे लावलं तर दहा वर्षांत भिंत तरी तडकेल नाहीतर ड्रेनेजच्या चेंबरमध्ये मुळ्या तरी शिरतील. खालच्या फांद्या वेळेवर काढत रहा, रस्त्यावर साडेचार-पाच मीटरपर्यंत काही लोंबायला नको.

तोडायच्या दोन झाडांचा हिशोब वेगळा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून झाडाचं वय जितकी वर्षं तितकी नवीन झाडं. तुमची १८ + १२ = ३०. रोप ६ ते ८ फुटी, जिओटॅगसह (जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून), आणि ७ वर्षं सांभाळायचं. परवानगीपत्रात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ही ३० त्या ५६ मध्ये धरू नका. एकच झाड दोन यादीत दाखवलं की क्रमांक आणि अक्षांश-रेखांश जुळून येतात, आणि तिथेच फाइल अडते. प्लॉटमध्ये जागा नाही हे आत्ताच लेखी कळवून उद्यान विभागाकडे जागा मागा. खरं तर गुलमोहर वाचतोय का ते आधी बघा. तो रॅम्पच्या आड येत असेल आणि रॅम्प मीटरभर सरकला तर लावायची १२ झाडं कमी होतात!

पोयटा

वरचा हिशोब बरोबर आहे, पण त्या पट्टीत मीटरभर चौरस खड्डे घेऊ नका. एका बाजूला भिंतीचा पाया, दुसऱ्या बाजूला गाडीचा रस्ता, मध्ये खड्ड्याच्या कडा ढासळतात. सलग चर घ्या. भिंतीकडे ४५ सेंमी सोडा, ७५ सेंमीचा चर, रस्त्याकडे ३० सेंमी कर्बच्या पायासाठी. खोली ९० सेंमी. भिंतीचा पाया त्याहून उथळ असेल तर चरही तेवढाच उथळ ठेवा, पाया उघडा पाडू नका.

माती किती? ६८ × ०.७५ × ०.९ म्हणजे एका बाजूला सुमारे ४६ घनमीटर, दोन्हीकडे ९२. खुल्या जागेत १५ खड्डे एक-एक घनमीटरचे. एकूण १०७ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ३८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). माती बसते, म्हणून ४४ ब्रास धरा. दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, खड्ड्यामागे एक-दोन किलो निंबोळी पेंड. पायाच्या खोदाईआधी वरचा वीतभर थर बाजूला रचून ठेवला असेल तर पोयटा बराच कमी विकत घ्यावा लागेल.

खाली कडक मुरूम असेल तर चराचं भांडं होतं. जुलैत पाणी साचतं, ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडतात, आणि माळी 'पाणी कमी पडतंय' म्हणून आणखी पाणी घालतो. दर दोन झाडांमागे तळाला ६ इंची बोअर मीटरभर खाली न्या, खडीने भरा.

रोपं मेली की दोष नर्सरीला देतात, पण दोन चुका साइटवरच होतात. पहिली, पिशवीसकट लावलेलं रोप. आळ्यातली माती दोन बोटं उकरा, काळ्या प्लास्टिकची कड हाताला लागली की समजा. मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात झाड हलवलं तर उपटून हातात येतं. दुसरी, प्लास्टरवाल्यांनी चरात ओतलेलं सिमेंटचं पाणी. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर हीच शंका घ्या. त्यावर खत टाकून उपयोग नाही, ती माती काढूनच टाकावी लागते. म्हणून बाहेरचं प्लास्टर आणि रंग संपेपर्यंत चर भरू नका.

पाणी: उन्हाळ्यात दिवसाआड झाडामागे २० लिटर. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, अडीच तास. बुंध्याभोवती मीटरभर फरशी-काँक्रीट नको. दिल्लीबाबत हरित लवादाने २०१३ मध्येच तसा आदेश दिला होता.

नकाशावाला

भिंतीचं बोलू. ८ फूट भरीव चालणार नाही. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५ मी. उंचीपर्यंत भरीव. २.४ मी.पर्यंत जाता येतं, पण वरचे ०.९ मी. जाळीदार हवेत. कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर छेदापासून दोन्हीकडे १० मी. लांबीत भरीव भाग ०.७५ मी.च, वर रेलिंग. सगळ्यांचं चुकतं ते इथे: उंची रस्त्यापासून मोजायची असते, आतल्या फरशीपासून नाही. आत ६० सेंमी भराव केला असेल तर दीड मीटरची भिंत आतून ९० सेंमीच दिसते. मग ग्राहक कुरकुरतो, कंत्राटदार दोन थर वाढवतो, आणि तपासणीला टेप लागली की पाडावे लागतात.

गोदामाच्या बाजूला जाळीदार भागामागे हिरवा आडोसा करा. त्याच चरात, झाडांच्या मधल्या जागेत कुंती (नर्सरीत 'मुराया' म्हणतात), नागमोडी दोन ओळींत ४५ सेंमीवर. दोन-तीन वर्षांत पाच-सहा फूट दाट होते. बांबू लवकर वाढतो, पण फक्त बेटाने वाढणारा घ्या, पसरणारा नको. पाचोळा पावसाळी गटाराच्या जाळीवर जातो, तोही धरा. आणि बांबू झाडांच्या आकड्यात दाखवू नका.

ट्रान्सफॉर्मरला झाडांचा आडोसा नकोच. तीन बाजूंनी एमएस लूव्हर (हवा खेळती ठेवणाऱ्या तिरप्या लोखंडी पट्ट्या) किंवा जाळी. चौथी बाजू दार पूर्ण उघडेल आणि उद्या ट्रान्सफॉर्मर बाहेर काढता येईल इतकी मोकळी. जनरेटरच्या रेडिएटरचं तोंड ज्या दिशेला, तिकडे काहीही लावलं तरी करपतं. अर्थिंगच्या खड्ड्यांची झाकणं हिरवळीखाली गाडू नका, रीडिंग घेताना पुन्हा उकरावं लागतं.

आराखडा_४२

तिघांचे आभार. कोनोकार्पस लावला तर आडोसा लवकर होईल असं नर्सरीवाला म्हणतोय. आणि भोगवट्याचा अर्ज डिसेंबरमध्ये आहे, तर लागवड कधी करू?

पोयटा

कोनोकार्पस नको. गुजरातने २०२३ मध्येच त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आणि मुळ्या पाइपांच्या मागे लागतात.

लागवड जून अखेर ते जुलैमध्ये उरका, म्हणजे डिसेंबरमध्ये नवी पालवी दाखवता येईल. प्लास्टर तोवर संपत नसेल तर खुल्या जागेतली १५ आधी लावा, तिथे सिमेंटचं पाणी पोचत नाही. पट्टीतली ३४ सप्टेंबरमध्ये लावा, पण त्यांच्यासाठी रोपं आत्ताच सांगून ठेवा. आठ फुटी ताम्हण आणि बकुळ ऐनवेळी एकसारखे मिळत नाहीत. प्रत्येक झाडाला पत्र्याचा क्रमांक, शेजारी फूट आखलेली काठी धरून जिओटॅग फोटो, आणि तोच क्रमांक नकाशावर. क्रमांकाची पट्टी तारेने बुंध्याला आवळू नका, बांबूच्या आधाराला बांधा.